पडद्याचा परवाना

२ मार्च, सोमवार

एक कोडे. कणीक मळून लगेच लाटायला घेतली तर ती हट्टाने आखडते. लाटणे उचलले की पुन्हा मूळच्या आकाराला जाते. तीच कणीक झाकून तासभर बाजूला ठेवावी. त्या तासात तिला कुणी हात लावत नाही, तिच्यात काही घालत नाही, तिच्यातून काही काढत नाही. तरीही नंतर ती मुकाट्याने पसरते. मग त्या तासात काम केले कोणी?

उत्तर मोठे सुंदर आहे. पिठातील प्रथिने पाणी पिऊन एकमेकांत गुंततात आणि त्यांचे लवचीक जाळे तयार होते. मळताना ते जाळे ताणले जाते आणि ताणलेले काहीही परत यायला बघते. विसाव्यात त्याच्या गाठी हळूहळू जागा बदलतात, ताण उतरतो आणि मग ते ओढाल तिकडे जाते. एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवूनही हे मी कधी वर्गात सांगितले नाही, याची आज खंत वाटली.

ही आठवण निघाली ती उस्तादांमुळे. धाकट्या भावाचे आणि भावजयीचे बारा टेबलांचे रेस्टॉरंट आहे, आणि उस्ताद तिथले परदेशी आचारी. भावजयीने त्यांच्या देशात त्यांच्या हातचे खाल्ले आणि हट्टाने त्यांना इकडे बोलावून घेतले. ते मुठीएवढ्या पिठाच्या गोळ्यापासून हातांच्या पालथ्या बाजूंवर ताणत ताणत सहा फुटी टेबल झाकेल एवढा पातळ पापुद्रा करतात. खालच्या टेबलक्लॉथची फुले त्यातून मोजता येतात. मग लोणी लावून, घड्यांवर घड्या घालून तो भट्टीत जातो. त्याचे त्यांच्या भाषेतले नाव आमच्या कुणाच्याच जिभेला वळत नाही, म्हणून आम्ही त्याला ‘पडदा’ म्हणतो. ते येण्यापूर्वी निम्मी टेबले रिकामी असत. आता लोक जिन्यावर उभे राहून वाट पाहतात.

उस्तादांचा सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना एकतीस मे रोजी संपतो. त्याआधी कामाचा व्हिसा मिळाला नाही, तर त्यांना देश सोडावा लागेल. अर्ज करण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.

“ताई, एखादा एजंट गाठू का?” भाऊ म्हणाला.

“एजंट कागद भरतो,” मी म्हणाले. “मी समजावून सांगेन.”

शाळा तपासनीसांच्या सात पिढ्या मी पचवल्या आहेत. एक परवाना कार्यालय ते काय!

५ मार्च, गुरुवार

भावजयीला आणि उस्तादांना घेऊन कार्यालयात गेले. अर्जाचा तक्ता अकरा पानी. सगळा जीव त्यातल्या नवव्या रकान्यात आहे: ‘पदासाठी लागणारे विशेष कौशल्य स्पष्ट करा.’ माझ्या आयुष्यातले सर्वांत आवडते दोन शब्द – स्पष्ट करा! आणि त्यासाठी जागा किती? तीन ओळी.

अधिकाऱ्यांच्या टेबलावर टाचण्यांची बशी आहे आणि बोलताना ते त्या आकारानुसार लावत बसतात. भावजयीने बाहेर पडताच त्यांचे नाव टाचणीसाहेब ठेवले.

“स्वयंपाकच ना, बाई?” ते म्हणाले. “इथे आचारी कमी आहेत का? शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडे?”

प्रमाणपत्र नाही. उस्ताद हे काम मावशीकडून शिकले. ते नव्याने शिकलेल्या मराठीत शांतपणे म्हणाले, “मावशी वारली. आता सही कशी करणार?”

टाचणीसाहेब हसले नाहीत. “मग कौशल्य सिद्ध करा. ते इथे मिळत नाही, हे दिसलं पाहिजे.”

“तीन ओळी पुरणार नाहीत. पुरवणी जोडू का?”

“जोडा की. कोण अडवतंय?”

कुणीच अडवत नव्हते. परतताना मला सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी येत असे तसा उत्साह आला होता.

११ मार्च, बुधवार

पाच दिवस स्वयंपाकघरात उभी आहे. तापमापक, तराजू, स्टॉपवॉच, आखीव वही. पिठाचे वजन, पाण्याचे तापमान, मळण्याचे फेरे, विसाव्याचा वेळ, ताणताना दोन मुठींमधले अंतर – सारे टिपते आहे. उस्ताद प्रत्येक गोळा झाकून ठेवतात, मध्येच फडके उचलतात, बोटाने दाबतात, स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरतात आणि पुन्हा झाकतात. एकदा दाबणे, एकदा पाळी. मी विचारले, “याचा उपयोग काय?”

“सवय,” ते म्हणाले.

सवयीला तक्त्यात रकाना नाही. ते टिपले नाही.

मात्र विसाव्याचा वेळ मला छळतो आहे. कधी अडतीस मिनिटे, कधी पंच्याण्णव. पीठ तेच, पाणी तेवढेच.

“उस्ताद, आज नव्वद का?”

“आज असं.”

“असं म्हणजे कसं?”

त्यांनी खिडकीकडे पाहिले, गोळ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. “ताई, तुम्ही फार विचारता. पीठ ऐकतंय. लाजतं ते.”

भावजय भांड्यांच्या आडून खो-खो हसली. मी हसले नाही, नोंद केली.

१९ मार्च, गुरुवार

बावीस निरीक्षणे पूर्ण झाली. विसाव्याची सरासरी: एकसष्ट मिनिटे. आकडा हाती आला तेव्हा जे समाधान वाटले ते वर्णन करता येत नाही. अनियमित दिसणाऱ्या गोष्टीच्या पोटातून नियम निघतो, तो असा.

टिपण चौदा पानांचे झाले. नऊ आकृत्या आहेत. पान चारवर जाळ्याची रचना, पान सातवर हातांच्या सहा स्थिती, पान अकरावर ‘सामान्य चुका व त्यांवरील उपाय’. भावजयीने ते एका बैठकीत वाचले.

“ताई, कमाल केलीत! आता तर मलासुद्धा पडदा करता येईल असं वाटायला लागलंय.”

यापेक्षा मोठी पावती कोणती?

उस्तादांनी पान सात बराच वेळ न्याहाळले. “हा अंगठा माझा नाही,” एवढेच म्हणाले. आकृती प्रमाणबद्ध आहे, हे मी त्यांना पटवून दिले.

२४ मार्च, मंगळवार

अर्ज दाखल. टाचणीसाहेबांनी चक्क उभे राहून टिपण चाळले.

“बाई, हे तुम्ही लिहिलंत? हे तर शाळकरी मुलालाही समजेल!”

“तोच हेतू आहे, साहेब.”

“म्हणजे वाचून कुणालाही करता येईल असं?”

“दहावीच्या मुलालाही,” मी म्हणाले. “प्रयोगवहीसारखं एकेक पायरी करत गेलं, तर.”

त्यांनी मान डोलावली, बशीतली सर्वांत लांब टाचणी निवडली आणि चौदा पाने अर्जाला जोडली. इतका आदर मला त्या कार्यालयात अपेक्षित नव्हता. भावाला फोन करून सांगितले की काम झाल्यात जमा आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

अर्ज नामंजूर.

कारण जसेच्या तसे उतरवते: ‘अर्जासोबतच्या टिपणात सदर कौशल्य इतक्या सुबोध व परिपूर्ण रीतीने मांडले आहे की कोणताही स्थानिक आचारी ते वाचून आत्मसात करू शकेल. सबब परदेशी व्यक्तीची आवश्यकता सिद्ध होत नाही.’

सुबोध. परिपूर्ण.

तीन वेळा वाचले. एकतीस वर्षांत माझ्या लिखाणावर इतका चांगला शेरा कुणी मारला नव्हता.

१८ एप्रिल, शनिवार

भाऊ दुपारी घरी आला तो उभ्यानेच.

“तुला कुणी सांगितलं होतं एवढं समजावून सांगायला? तीन ओळी होत्या, तीन! एजंट असता तर ‘पिढीजात गुप्त कला’ असं काहीतरी ठोकून मोकळा झाला असता.”

“ते खोटं झालं असतं.”

“आणि हे खरं झालं, तर काय मिळालं? विमानाचं तिकीट!”

भावजय मध्ये पडली. “अहो, त्यांना कशाला बोलता? मीही वाचलं होतं. हे असं उलटेल हे मला नाही कळलं, तुम्हाला कळलं होतं का?”

त्याने ते वाचलेच नव्हते.

उस्ताद बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “ताई, तिकडे माझ्या जागी भावाचा मुलगा लागला. परत गेलो तर त्याला उठवावं लागेल.” मग जरा थांबून, “चित्रं मात्र छान होती.”

अपिलाला तीस दिवस आहेत. मी अपील करणार. ज्या चौदा पानांनी हे केले, ती चौदा पानेच मी त्यांच्यासमोर तपासणीला उभी करणार. टाचणीसाहेबांचे म्हणणे आहे की वाचून करता येते? ठीक. करून दाखवा.

२० एप्रिल, सोमवार

योजना सरळ आहे. याच पदासाठी जाहिरात द्यायची. जे स्थानिक आचारी येतील त्यांच्या हाती माझे टिपण द्यायचे आणि तेच पीठ, तेच टेबल. उस्तादांनी कोपऱ्यात आपले काम करायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. निकाल काहीही लागो, तो अपिलात लिहायचा.

“काहीही?” भावाने विचारले.

“काहीही. निकाल पाहून गणित बदलत नाहीत.”

पण इथे, जिथे कुणी वाचत नाही, तिथे लिहून ठेवते. आयुष्यभर मी एकच इच्छा धरली: माझे वाचून समोरच्याला जमले पाहिजे. आता पहिल्यांदाच मला अशी इच्छा धरायची आहे की जमू नये. ती धरता येत नाही. काल टिपण पुन्हा चाळताना नकळत पान पाचवरचे एक वाक्य अधिक सोपे केले. मग लाज वाटून खोडले.

५ मे, मंगळवार

चाचणी झाली. हवा दमट, आकाश भरून आलेले. तिघे आले होते.

पहिले गृहस्थ स्वतःच्या सुऱ्यांची गुंडाळी काखेत घेऊन आले. दोन पाने वाचली, आकृत्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “बाई, मी आचारी आहे, विद्यार्थी नाही.” गेले.

दुसरे मोठ्या मेजवान्यांचे आचारी. माणूस गुणी. माझा प्रत्येक शब्द त्यांनी पाळला. वजन ग्रॅमवर, पाणी अंशावर. बरोबर एकसष्टाव्या मिनिटाला गोळा उचलला. दोन वीत ताणला आणि फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याला तर भोके पडली, जुन्या बनियनसारखी.

“तुमच्या कागदात चूक आहे हो बाई.”

“कोणती?”

“ते कळलं असतं, तर पडदा झाला नसता का?”

मी पान अकरा उघडले. ही चूक त्यात नव्हती.

तिसऱ्या उंच, अबोल बाई. नऊ वर्षे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या. त्यांचाही पहिला गोळा एकसष्टाव्या मिनिटाला फाटला. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. टिपणाची पाने एकावर एक नीट लावली, ती पालथी घालून त्यांवर वाडगे ठेवले आणि मग त्या कागदाकडे पाहायच्या थांबल्या. दुसरा गोळा झाकला. मधूनमधून फडके उचलून दाबत होत्या. उस्तादांचा कान दुखत असावा. ते कोपऱ्यात कांदा चिरता चिरता चार वेळा पाळी चोळताना दिसले, एकदा तर मोठ्याने खाकरून. बाई एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा पिठाकडे. मग त्यांनीही आपली पाळी धरली. एकसष्ट मिनिटे झाली, सत्तर झाली. भावजय घड्याळ धरून उभी. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला बाईंनी गोळा उचलला.

टेबलाच्या मध्यापर्यंत गेला. फाटला नाही. कडा जाड होत्या, पण खालची फुले दिसत होती.

मी टाळी वाजवली. जोरात. भावाने माझ्याकडे पाहिले तेव्हा माझे हात तसेच हवेत राहिले.

६ मे, बुधवार

“तिसऱ्या बाई आल्याच नाहीत असं लिही,” भाऊ म्हणाला. “दोघं आले, दोघांना जमलं नाही. बस.”

“त्या आल्या होत्या.”

“ताई, तो टाचणीवाला त्यांनाच धरून बसेल. म्हणेल, बघा, स्थानिक बाईला जमलं. पंचवीस दिवस राहिलेत. तुझ्या खरेपणासाठी आम्ही दुकान बंद करायचं का?”

“बंद करायचं नाही. लढायचं. पण लपवून लढायचं असेल, तर दुसरी बहीण शोध.”

तो दार आपटून गेला. भावजय मागे राहिली. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, “त्या बाईंना टिपणातून जमलं असं वाटतं का तुम्हाला, ताई?”

पाने तर वाडग्याखाली पालथी होती! दीड तास त्यांनी वाचले ते काही वेगळेच. कान. कानाची पाळी. जे मी टिपलेच नव्हते, कारण त्याला रकाना नव्हता.

मग पंधरावे पान लिहायला बसले. मथळा: ‘या टिपणातील चुका’. पहिली: एकसष्ट मिनिटे हा सरासरीचा आकडा आहे, आणि बावीसपैकी एकाही वेळी पिठाला एकसष्ट मिनिटे लागली नव्हती. मी वही पुन्हा पुन्हा तपासली. एकदाही नाही. दुसरी: कानाच्या पाळीची परीक्षा वगळली. तिसरी: पान सातवरचा अंगठा.

अपील दाखल करते आहे. तिघांच्या चाचणीसह.

१९ मे, मंगळवार

सुनावणी. अपील अधिकारी बाई आहेत; दोरीला अडकवलेला चष्मा, आवाज कोरडा. टाचणीसाहेब बशी नसल्यामुळे अस्वस्थ होते, पण बोलले नेमके.

“अर्जदार बाईंनी स्वतःच चुका मान्य केल्या आहेत. उत्तम. त्या दुरुस्त कराव्यात, कानाची पाळीही लिहावी. म्हणजे टिपण खरोखर परिपूर्ण होईल. आणि तिसऱ्या उमेदवार बाईंना तर अर्धा पडदा जमलाच आहे.”

भावाने माझ्याकडे पाहिले नाही. हे त्याचे औदार्य.

“त्यांना टिपणातून जमलं नाही,” मी म्हणाले. “उस्तादांकडे बघून जमलं. दीड तास. उस्ताद तिथे नसते, तर बघायला कोण होतं?”

“मग जे त्यांनी बघितलं, तेच लिहा ना,” टाचणीसाहेब म्हणाले. “तुम्हाला तर लिहिता येतं.”

अपील अधिकारी माझ्याकडे वळल्या. “प्रश्न रास्त आहे. जे बघून शिकता येतं, ते लिहून का देता येत नाही? याचं उत्तर मला पुढच्या मंगळवारी द्या. एका पानात. चौदा नकोत.”

एक पान! आणि तोपर्यंत उस्तादांच्या हाती पाच दिवस उरतील.

२१ मे, गुरुवार

विज्ञानाने सुरुवात केली. ‘पीठ कानाच्या पाळीइतके मऊ झाले की घ्यावे.’ कोणाच्या पाळीइतके? भावाची पाळी जाड, भावजयीची पातळ, माझी वयाने सैल. तिघांच्या पाळ्या दाबून क्रम लावला. भाऊ म्हणाला, “आता हे कान जोडा अर्जाला.” बोलायला तरी लागला.

शेवटी उस्तादांनाच गाठले. “पिठाची तुलना पाळीशी नेमकी कशी करता?”

ते गोंधळले. “तुलना? नाही. मावशी. पीठ लवकर उचललं की मावशी कान पिळायची. अजून उचलायला गेलो की हात आधी कानाला जातो.”

दोन आठवड्यांचा माझा सिद्धान्त त्या भट्टीसमोर उभ्याउभ्या गेला.

“मग त्या हॉस्पिटलच्या बाईंना तुमच्या कानातून काय कळलं?”

“थांब, एवढं. घाई करत होत्या.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम चोळत होता? तुम्हाला बोलायची मनाई होती!”

“मी कुठे बोललो?”

“उस्ताद, त्यांना जमलं असतं तर तुमचा व्हिसा जाणार होता. हे माहीत होतं ना?”

“माहीत होतं.” ते पीठ झाकत म्हणाले. “पण फाटताना बघवत नाही, ताई.”

भावजय म्हणाली, “मला तेव्हाच दिसलं होतं.” घरात सगळ्यांना सगळे दिसते, मी तेवढी आखीव वही घेऊन उभी असते.

२५ मे, सोमवार

नऊ मसुदे फाडले. प्रत्येकात मी समजावत होते. उत्तर जितके चांगले समजावीन तितके टाचणीसाहेबांचे म्हणणे खरे ठरेल, ही या पेचाची गंमत आहे, आणि ती मला आज, एवढ्या उशिरा, पूर्ण उमगली.

संध्याकाळी संतापाने फिरायला निघाले. दारात वाकून बूट घातले, सरळ उभी राहिले आणि तशीच थबकले. परत आत आले. भावजयीला म्हणाले, “मी लिहिते तेवढंच कर. एक अक्षर जास्त नाही.”

अर्ध्या तासाने ती जमिनीवर लोळून हसत होती आणि माझ्या डाव्या बुटाची अशी गत झाली होती की नाडी कात्रीने कापावी लागली.

दहावा मसुदा बारा ओळींचा आहे.

२६ मे, मंगळवार

अपील अधिकाऱ्यांनी पान वाचले. पुन्हा वाचले. मग टेबलाखाली, स्वतःच्या पायांकडे पाहिले. कोरा कागद ओढून काहीतरी लिहू लागल्या, दोन ओळींवर थांबल्या, खोडले. टाचणीसाहेबांकडे कागद सरकवून म्हणाल्या, “तुम्ही पूर्ण करा बरं.”

त्यांनी पेन हातात घेतले. टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. मग म्हणाले, “मॅडम, हे दाखवायला सोपं आहे. लिहायला जरा…”

“तेवढंच विचारत होते,” त्या म्हणाल्या.

हुकूम तिथेच सांगितला, लेखी दुपारी मिळाला. व्हिसा दोन वर्षांचा. अट एक: या काळात दोन स्थानिक व्यक्तींना उस्तादांनी हे काम शिकवावे. टाचणीसाहेबांनी त्यात ‘लेखी अभ्यासक्रमानुसार’ असे घालायचा प्रयत्न केला. बाईंनी त्या दोन शब्दांवर काट मारली.

हॉस्पिटलच्या बाईंना भावाने स्वतः फोन केला. त्या सोमवारपासून येत आहेत. दुसरी जागा मी मागितली. “ताई, वय बघ,” भाऊ म्हणाला. मी म्हणाले, “हुकमात वयाची अट नाही. वाचून बघ, या वेळी तरी.” उस्तादांनी मला एकच अट घातली: वही आणायची नाही. मी ती मान्य केलेली नाही. बोलणी चालू आहेत.

त्या पानाची नक्कल इथे ठेवते, कारण दोन वर्षांनी कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आणि मी तेच उत्तर पुन्हा, आणखी मोठ्या आवाजात, देणार:

‘महोदया, आपण विचारले आहे की जे बघून शिकता येते ते लिहून का देता येत नाही. कारणे देत नाही. एक परीक्षा सुचवते. तिला एक बूट, एक कागद आणि पंधरा मिनिटे लागतात.

बुटाची नाडी कशी बांधावी हे कागदावर क्रमवार लिहा. चित्र काढायचे नाही. लिहून झाले की कागद घरातल्या कुणाच्याही हाती द्या आणि सांगा की आपल्याला नाडी बांधता येतच नाही असे समजून, कागदावर आहे तेवढेच करायचे. आपण समोर बसा. बोलायचे नाही, खुणावायचे नाही.

पहिल्या कागदावरून गाठ नीट बसली, तर हे अपील फेटाळावे. मी स्वतः उस्तादांना विमानतळावर पोहोचवीन. नाही बसली, तर त्या क्षणी समोरच्या बुटाकडे पाहू नका. आपल्या मांडीवर पाहा. तिथे आपले दोन्ही हात, कुणी न सांगता, हवेत नाडी बांधत असतील. आम्ही परवाना मागतो आहोत तो त्यांच्यासाठी.’